इंजिनावर चढणारं गाणं

दर्यावरची गाणी दर्यावर कुणी लावत नाही. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, कारण बोट म्हटलं की त्याला कोळीगीतच आठवतं. शांता शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली आणि लताबाई-हेमंतकुमारांनी गायलेली कोळीगीतं मलाही आवडतात. वेसावकर मंडळींच्या कॅसेटींवर आमच्या पाड्याची किती लग्नं नाचली असतील. नारळी पौर्णिमेला झाईच्या किनाऱ्यावर बोटी सजतात, तेव्हा तीच गाणी हवीत. पण पोरबंदरच्या ट्रॉलरवर, किनारा सोडून आठवडा उलटल्यावर कुणी लाटा, नाखवा, शीड असलं काही लावलं, की कुठून तरी हाक येतेच, "बीजूं वगाड ने!" दुसरं लाव. ज्या पाण्यानं हाताची सालं काढली, त्याचं कौतुक गाण्यात कोण ऐकणार? तिथं माणसाला जमीन ऐकायची असते. भात, पाऊस, लग्न, बाजार, रुसलेली बायको, सासरचा रस्ता. यातलं काहीही चालतं.

मी तलासरी तालुक्यातला, वेवजीकडचा वारली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी समुद्रावर गेलेलं नव्हतं. नकाशात डहाणू-तलासरीला किनारा दिसतो, म्हणून लोकांना वाटतं इथले सगळे दर्यावर्दी. किनारा मांगेल्यांचा, वैतींचा, माच्छींचा. आम्ही हायवेच्या पलीकडचे, डोंगराकडचे. आमचा मासा म्हणजे ओढ्यातला, नाहीतर पहिल्या पावसात शेतात चढलेला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्यांच्या चित्रात अख्खा कागद भरून मासेमारीचं जाळं काढलं आहे. तांदळाच्या पिठासारख्या पांढऱ्या रंगातलं ते जाळं जगभर गेलं. आम्ही मात्र जाळ्यामागं सौराष्ट्रात गेलो.

जुलैत लावणी उरकली की घरात हाताला काम नसतं आणि ऑगस्टच्या मध्याला गुजरातचा मोसम उघडतो, तो मेअखेरपर्यंत. शेठचा माणूस पाड्यावर येऊन उचल देऊन जातो. ती उचल लावणीच्या खर्चात, नाहीतर कुणाच्या तरी दवाखान्यात जिरते, आणि मग जीप भरून पोरं निघतात. पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ, ओखा. डहाणू आणि तलासरीतल्या कुठल्याही पाड्यावर विचारा, ही नावं म्हातारीलाही पाठ असतात. पैसे किती, हिशेब कसा, कापतात किती, यावर वेगळं लिहावं लागेल. गाण्याचा संबंध एवढाच, की भात कापून घरात येतं आणि गावात तारपा, आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, घुमायला लागतो, ते दिवस खलाशी गावाबाहेर असतो. म्हणून बोटीवर सगळ्यात जास्त मागणी कशाला, तर तारप्याला.

आता इंजिनाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण बोटीवर कुठलं गाणं चालेल हे आवडीच्या आधी इंजिन ठरवतं. आमच्या बोटींवर अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. जाळं ओढत असताना ते एकाच चालीवर तासन्‌तास चालतं. त्याचा आवाज कानापेक्षा तळपायातून जास्त येतो. या घरघरीत गाण्याचा खालचा सगळा भाग बुडतो. ढोलकचा घुमारा, डीजेचा बेस, पुरुषाचा खर्जातला आवाज, सगळं इंजिनात मिसळून जातं. वर काय राहतं, तर झांज, शहनाई, बासरी आणि वरच्या पट्टीतली बाईमाणसाची गळ्याची फेक. पोरं गाव सोडताना हौसेनं डीजेची गाणी भरून आणतात आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळतं की गाणं तेच आहे, पण त्यातलं ज्यावर नाचायचं तेच ऐकू येत नाही. इंजिनाच्या वर चढेल ते गाणं टिकतं, बाकीची बंदरात.

या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झालेला आवाज म्हणजे दिवाळीबेन भील. टंडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, पोरबंदरचा खारवा होता, त्याच्याकडे त्यांच्या कॅसेटी होत्या. जुनागढच्या बाजूची ही बाई, भिल्ल समाजातली, दवाखान्यात कामाला होती, आणि तिथून गाण्यात आली. 1990 साली तिला पद्मश्री मिळाली. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की इंजिन कितीही ओरडलं तरी हा आवाज त्याच्यावरून जातो. गुजराती शब्द आम्हाला अर्धे कळत. पण आवाजाची घडण ओळखीची वाटे. आमच्या लग्नातल्या बायका गातात तसा सरळ, नाकाच्या वरून जाणारा, कुठंही न नटलेला. ती 'आदिवासी बाई आहे' असं टंडेलानं एकदा सहज सांगितलं. त्यानंतर ती कॅसेट त्याची राहिली नाही, आमची झाली. त्यानं लावली नाही तर आम्ही मागून घ्यायचो.

कॅसेटींचा काळ कठीण होता. खारी हवा सगळ्यात आधी टेपरेकॉर्डरच खायची. फीत ओलसर होऊन ताणली जाई आणि कुमार सानू दारू प्यायल्यासारखा गायला लागे. 'आशिकी'ची कॅसेट आमच्या बोटीवर इतकी लांबली होती की कुठल्यातरी पोरानं मूळ गाणं बंदरातल्या हॉटेलात ऐकलं, तेव्हा त्याला ते घाईघाईत गायलेलं वाटलं. मग मेमरी कार्ड आलं. तलासरीच्या नाक्यावर, उंबरगावच्या स्टेशनाबाहेर मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये दिले की दुकानदार कार्ड भरून देई. त्याला गाण्यांची नावं सांगायची नाहीत, फक्त 'बोटीवर चाललोय' म्हणायचं. तो बरोबर भरायचा: तारपा, टिमली, नव्वदच्या दशकातली हिंदी, थोडे प्रल्हाद शिंदे, थोडं देवाचं. किनारा सुटल्यावर काही तासांत मोबाइलचं नेटवर्क जातं आणि मग भरलं आहे तेवढंच. हल्लीच्या पोरांना ही गोष्ट सांगून पटत नाही. जमिनीवर त्यांच्या हातात जगातली सगळी गाणी असतात. बोटीवर आल्यावर कळतं की त्यातलं आपल्याजवळ काहीच नव्हतं.

कामाच्या कुठल्या वेळी काय वाजेल याचे नियम कुणी लिहिलेले नाहीत, पण मोडले तर शिव्या पडतात. जाळं उचलताना गाणं बंद. विंच फिरत असतो, लोखंडी दोर ताणलेला असतो, जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या जड फळ्या पाण्यातून वर येतात, आणि त्यावेळी टंडेलाचा एक शब्द चुकला तर बोट जाते. हाताचं बोट म्हणतोय मी. तेव्हा फक्त टंडेल बोलतो. जाळं डेकवर मोकळं झालं, की कुणीतरी न सांगता स्पीकर चालू करतो. मासळी निवडायला बसलं की भरधाव गाणी लागतात. माकूल एकीकडं, राणी मासा एकीकडं, बगा एकीकडं, कोळंबी वेगळी, आणि उरलेला बारीक कचरा वेगळा. हात गाण्याच्या चालीनं चालतात, हे खरं आहे. संथ गाणं लावलं तर निवडणी लांबते आणि झोप कमी होते. त्यामुळे संथ गाण्याला विरोध होतो तो रसिकतेतून नाही, झोपेतून. निवडून, धुऊन, बर्फात घालून पुढचं जाळं उचलायच्या आत जी दोन-अडीच तासांची झोप मिळते तिच्या आड कुठल्याही गायकानं येऊ नये.

रात्रीच्या सुकाणूला वेगळं लागतं. सगळे झोपलेले, समोर होकायंत्र आणि जीपीएसचा हिरवा पडदा, आणि डोळे मिटू द्यायचे नाहीत. इथं गाणं कामाचं नाही. गाणं पाच मिनिटांत संपतं आणि ओळखीचं असेल तर झोपवतं. इथं टंडेलाचा डायरो लागायचा. डायरो म्हणजे काठियावाडातली रात्रभराची बैठक: एक माणूस गोष्ट सांगतो, मध्येच दोहा म्हणतो, मध्येच भजन, मध्येच विनोद, आणि गोष्ट अशा जागी आणून सोडतो की पुढचं ऐकल्याशिवाय मान खाली जात नाही. माझी काठियावाडी गुजराती शाळेत झाली नाही, सुकाणूवर झाली. हेमंत चौहानांची भजनं मी तिथंच पहिल्यांदा ऐकली. पहाटेच्या पाळीला त्यांचं भजन लावायचं आणि सकाळी चहा झाला की बंद करायचं, असा टंडेलाचा रिवाज होता. चहानंतर भजन लावलं तर तो चिडायचा. का, हे त्याला मी विचारलं नाही.

रेडिओला मात्र कुणाची परवानगी लागत नसे. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा फार लांब जातात, आणि रात्री तर आभाळावर आपटून आणखी लांब पोचतात. राजकोटला आकाशवाणीचं हजार किलोवॅटचं केंद्र आहे. त्याचा आवाज आमच्याकडं असा येई की टंडेलाच्या केबिनमध्येच कुणी बसून बोलतंय. काटा जरा सरकवला की कराची. तिथंही जुनी गाणी, निवेदकाचं उर्दू तेवढं जास्त गोड. विविध भारतीवर फौजी भाइयों के लिए गाणी लागायची. खलाशांसाठी कधी काही लागल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं आम्हाला वाईटही वाटलं नाही. आम्ही फौजींच्या वाट्याचं ऐकायचो.

रेडिओ ऐकायचा तो खरा हवामानासाठी. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळ गुजरातकडं वळलं तेव्हा दोन दिवस कुठल्याच बोटीवर गाणं नव्हतं. वायरलेस सेटवर नुसती बोटींची नावं आणि बंदरांची नावं चालली होती. एरवी हा वायरलेस म्हणजे आमची करमणूक. टंडेल एकमेकांशी भाव, मासळी, शेठ यांच्यावर बोलत राहतात, आणि रात्री उशिरा कुणीतरी माइकचं बटण दाबून स्पीकर समोर धरतो. आसपासच्या सगळ्या बोटींवर ते गाणं वाजतं. असं करू नये, हे सगळ्यांना माहीत आहे. संकटात हाक मारायची वाट अडते. तरी एखाद्या रात्री वीस मैलांवरच्या न दिसणाऱ्या बोटीवरून तारपा यायचा आणि आमची पोरं ताडकन उठून बसायची. "आपला हाय, आपला हाय!" मग माइकवर पाड्यांची विचारपूस. कुठला? उधवा. कुठला? आंबेसरी. टंडेलाला त्यातला एक शब्द कळायचा नाही आणि तो सेट बंद करायचा.

तारप्याचं आणि इंजिनाचं नातं मला फार उशिरा लक्षात आलं. तारपा म्हणजे दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती हातात हात घालून फिरतात. वाजवणारा श्वास तोडत नाही. एक सूर खाली धरलेला असतो आणि त्याच्यावर चाल फिरते. जव्हारकडचे वाळवंड्याचे भिकल्या धिंडा वाजवायला बसले की तो खालचा सूर संपतच नाही असं वाटतं. ट्रॉलरचं इंजिनही जाळं ओढताना असंच एक सूर धरून बसतं. म्हणूनच बहुधा बाकी कितीतरी वाद्यांना खाऊन टाकणारं इंजिन तारप्याला खात नसे, त्याच्याखाली जाऊन बसे. आमच्यातला एक म्हातारा भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, भाकऱ्या थापताना इंजिनाच्याच सुरावर गायचा. त्याला म्हटलं, मामा, बंदरात का गात नाही? तो म्हणाला, "बंदरात इंजिन बंद नाय का?"

स्पीकरची बॅटरी गेली, कार्ड बिघडलं, की या भंडाऱ्याचा भाव वाढायचा. त्याच्या तोंडात गाणी होती. देवाची, कामडी नाचाची, आणि लाल बावट्याची सुद्धा. तलासरीचा म्हातारा आणि त्याला ती येत नाहीत असं होत नाही. 1945 साली झरीला वारल्यांची सभा झाली, वेठबिगारी मोडली, ती माणसं आणि त्यांची पोरं गाणी म्हणतच मोर्चाला जात. आमच्या पिढीला त्यातली अर्धीमुर्धी कडवी येतात. पुढच्या पिढीच्या तोंडात काय आहे, हे कार्ड बिघडल्यावर समजतं.

हे तोंडात असणं किती कामाचं, ते मी एका परत आलेल्या माणसाकडून ऐकलं. ओखा-जखौकडच्या बोटी मासळीमागं सर क्रीकच्या बाजूला जातात. पाण्यावर रेघ नसते. पाकिस्तानी गस्ती बोटीनं पकडलं की कराचीचा मलीर तुरुंग, आणि मग वाट बघणं. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. डहाणू-तलासरीच्या काही पाड्यांवर वर्षाचे हे दोन दिवस सणासारखे ठाऊक असतात, फक्त त्यांना आनंद नसतो. त्या भागात गेलो की आमचा टंडेल रात्री दिवे घालवायचा आणि स्पीकर काढून घ्यायचा, कारण दुसऱ्या इंजिनाचा आवाज लांबून ओळखता आला पाहिजे. तो परत आलेला माणूस सांगत होता, की बराकीत मोबाइल नाही, टेप नाही, आणि आंध्रची, दीवची, उत्तर प्रदेशची, आमच्याकडची सगळी पोरं एकत्र. संध्याकाळी कुणीतरी म्हणायचा, तुझ्याकडचं काहीतरी म्हण. ज्याला येत होतं त्याला चहातला वाटा मिळे. तो स्वतः गावात कधी गायला नव्हता. तिथं त्याला आईनं जात्यावर म्हटलेलं एकेक आठवायला लागलं. अटारीवरून सुटून आल्यावर आईला ते म्हणून दाखवलं, तर ती म्हणाली, अर्धं चुकलंय.

गुजरात सोडल्यावर काही मोसम मी डहाणूच्या लहान बोटीवर काढले. तिथं वेगळंच. मांगेल्यांची डोल जाळ्याची मासेमारी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना जाळं बांधायचं, पाण्याच्या ओढीनं मासळी आपणहून त्यात येते, आणि ओढ मंदावली की जाळं काढायचं. उधाणाला ओढ जास्त, भांगाला कमी. मधल्या वेळात इंजिन बंद, नुसतं थांबणं. गाण्यांना यापेक्षा चांगली जागा नाही असं मला वाटलं होतं. मी हौसेनं स्पीकर नेला. बोटीचा म्हातारा नाखवा म्हणाला, ठेव तो, ऐक. आणि त्यानं मला बोटीच्या तळाला, फळीला कान लावायला सांगितला.

खालून टकटक, घरघर असा आवाज येत होता. घोळ, ढोमी ही माशांची एकाच नात्यातली माणसं, ती आवाज करतात. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू मारून नर हा ढोल वाजवतो, मादीला बोलवायला. म्हाताऱ्याला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. कुठल्या आवाजाला जाळं टाकायचं एवढं ठाऊक होतं. गंमत अशी, की घोळीच्या मांसापेक्षा तिची ही पिशवीच महाग. आमच्याकडं तिला भोत म्हणतात, ती परदेशात जाते. 2021 साली पालघर तालुक्यातल्या मुरबे गावच्या बोटीला 157 घोळी मिळाल्या आणि त्या 1 कोटी 33 लाखांना गेल्याची बातमी सगळीकडं छापून आली. मासा ज्यानं गातो, भाव त्याचाच. म्हाताऱ्याची तक्रार होती की हल्ली फळीला कान लावला तर लांबच्या ट्रॉलरचं इंजिनच ऐकू येतं. त्या ट्रॉलरवर कोण होतं आणि काय वाजत होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

आता मी घोलवडला एका चिकूवाडीत काम करतो. चिकूच्या झाडाखाली गाणं लागत नाही. मुनिया, बुलबुल आणि मजूर बायका यांचंच पुष्कळ असतं. भाचा मात्र या ऑगस्टपासून वेरावळला आहे. त्याच्या फोनमध्ये नवी वारली गाणी आहेत, यूट्यूबवरची, डीजेवर चढवलेली, आणि त्यातली काही खरंच चांगली आहेत. आपल्याच बोलीत, आपल्याच पोरांनी रेकॉर्ड केलेलं गाणं आमच्या वेळी मिळालंच नसतं. बंदरात आला की फोन करतो. मागच्या वेळी म्हणाला, मामा, एक काम कर, आजीचं गाणं रेकॉर्ड करून पाठव.

आजी म्हणजे माझी आत्या. ती धवलेरी आहे. वारल्यांचं लग्न भटाविना होतं, धवलेरीविना होत नाही. ती गात गात लग्न लावते, आणि ते गाणं रात्रभर चालतं. मी फोन घेऊन तिच्या ओट्यावर गेलो. लाल दिवा दाखवला, म्हटलं इथं बोल. ती फोनकडं बघत राहिली. मग म्हणाली, लगीन कुणाचं आहे? म्हटलं, कुणाचं नाही, पोराला बोटीवर ऐकायचंय. तिनं पदरानं तोंड पुसलं, सूप पुढं ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. "नवरा नाही, नवरी नाही, मांडव नाही, आणि मासे लावणार काय लगीन? त्याला सांग, आधी मुलगी बघ. मग ये, मी दोन रात्री गाते."

मी ते तसंच रेकॉर्ड केलं होतं. पाठवलं. पोरानं ते सगळ्या बोटीला ऐकवलं, म्हणे.